ओके म्हणजे किती ओके?

मराठीत ‘एकदम ओक्के’ म्हटलं की त्यात कौतुक आलंच. जून 2022 मध्ये सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून फोनवर झालेलं बोलणं महाराष्ट्रभर पसरलं, तेव्हा झाडी, डोंगर आणि हाटेलाच्या वर्णनापाठोपाठ आलेला ‘ओक्के’ कुणालाही उलगडून सांगावा लागला नाही. झकास, नाव ठेवायला जागा नाही, हा अर्थ ‘क’वरच्या जोरातूनच कळला. गॅरेजमधून गाडी ‘ओके होऊन’ येते ती ठणठणीत असते. दिग्दर्शकाने ‘ओके’ म्हटलं की शॉट पक्का झाला. मराठीने हा शब्द आपलासा केला आणि त्याला आपल्या पद्धतीने वजनही दिलं.

हे वजन आपण नकळत इंग्रजीत घेऊन जातो आणि तिथे घोटाळा होतो. एखाद्या अमेरिकन घरी जेवायला गेलात, निघताना यजमानांनी जेवण कसं झालं विचारलं आणि तुम्ही मनापासून ‘इट वॉज ओके’ म्हणालात, तर त्यांना ऐकू येतं : पोट भरलं, बाकी सांगण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही शाबासकी दिलीत, त्यांच्यापर्यंत पोचली ती नाराजी. याचं कारण इंग्रजीतला ओके होकार देतो, दर्जा सांगत नाही. हरकत नाही, नियमात बसतं, चालून जाईल, एवढंच तो सांगतो. अमेरिकन भाषाभ्यासक अ‍ॅलन मेटकाफ यांनी 2010 मध्ये या एका शब्दावर पूर्ण पुस्तक लिहिलं, त्यातही त्याच्या या तटस्थपणाकडे त्यांनी लक्ष वेधलं आहे. हा तटस्थपणा नीट ध्यानात घेतला की ओकेच्या वापराचे बहुतेक प्रश्न सुटतात. आणि तो कुठून आला हे समजून घ्यायचं तर शब्दाच्या जन्मापर्यंत जायला हवं.

तो जन्म झाला अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, एका वर्तमानपत्राच्या पानावर. तारीख 23 मार्च 1839. पत्र होतं ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’, संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन. त्या काळी तिथल्या पत्रकारांना आद्याक्षरांचा नाद लागला होता. साधे शब्दप्रयोग आद्याक्षरांत लिहायचे, आणि गंमत वाढावी म्हणून आधी त्यांचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवायचं. ‘ऑल राइट’ म्हणजे सगळं ठीक. त्याचं स्पेलिंग बिघडवून त्यांनी ‘ओ.डब्ल्यू.’ केलं. ‘नो गो’ म्हणजे जमण्यासारखं नाही, त्याचं ‘के.जी.’ झालं. याच खेळात ‘ऑल करेक्ट’ या दोन शब्दांची पाळी आली. खरं तर पहिल्याची सुरुवात ए या अक्षराने होते आणि दुसऱ्याची सीने. कानाला ऐकू येतं तसं लिहिणाऱ्या अडाण्याचं सोंग घेऊन त्यांचं ओ आणि के केलं गेलं. ग्रीन यांच्या त्या मजकुरात या दोन अक्षरांच्या शेजारीच त्यांचा खुलासाही दिलेला आहे, म्हणून अर्थाबद्दल शंका उरत नाही.

बाकीची आद्याक्षरं वर्षा-दोन वर्षांत विरून गेली. ओके टिकला तो राजकारणामुळे. 1840 साली अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक, म्हणून समर्थक त्यांना प्रेमाने ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत. त्याची आद्याक्षरंही नेमकी तीच! न्यूयॉर्कमध्ये समर्थकांचा ‘ओ.के. क्लब’ निघाला आणि सभा-मिरवणुकांतून ही दोन अक्षरं गर्जू लागली. विरोधकांनी तीच अक्षरं उलटवून त्यांचे टिंगलीचे अर्थ लावले. व्हॅन ब्युरेन हरले, विल्यम हेन्री हॅरिसन निवडून आले, पण तोवर शब्द देशभर पोचला होता.

पुढे तार आली आणि रेल्वे पसरली. तारयंत्रावर एकेक अक्षर ठोकून पाठवायचं, त्यामुळे दोन अक्षरांत ‘संदेश मिळाला, गोंधळ नाही’ असं सांगणारा शब्द तारमास्तरांना सोयीचा पडला. इथे ओकेचा स्वभाव ठरून गेला. बातमी चांगली की वाईट याच्याशी त्या ओकेला कर्तव्य नव्हतं. संदेश नीट पोचला, एवढीच त्याची ग्वाही. हिशेबनीस खतावणीतल्या आकड्यापुढे बरोबरची खूण करतो, तसा हा शब्द. आजही इंग्रजीतला ओके मुळात तीच खूण आहे.

हा सगळा इतिहास उजेडात आणला तो कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळून त्यांनी 1963 आणि 1964 मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेख लिहिले, आणि तारखेनिशी छापील दाखले देऊन वाद मिटवला. त्यांच्या आधी ओकेच्या जन्माच्या कितीतरी कथा फिरत होत्या. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, ते सरकारी कागदांवर चुकीची आद्याक्षरं लिहीत, ही त्यातलीच एक. ती तर 1840 च्या त्याच निवडणुकीत थट्टा म्हणून वर्तमानपत्रातून सोडलेली पुडी होती. मूलनिवासी चॉक्टॉ भाषेत ‘असंच आहे’ अशा अर्थाचा ‘ओके’शी मिळताजुळता शब्द आहे. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ही व्युत्पत्ती इतकी पटली होती की कागदपत्रांना मंजुरी देताना ते त्याच वळणाचं स्पेलिंग वापरत. युद्धात एकही सैनिक न पडल्यास फलकावर ‘झीरो किल्ड’, म्हणजे शून्य मृत, असं लिहीत, शून्य आणि ‘किल्ड’चा के मिळून ओके झाला, ही कथा तर आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजूनही फिरते.

अशा कथा ऐकायला गोड असतात, म्हणून त्या पारखायची एक रीत सांगतो. ओकेच नव्हे, कुठल्याही इंग्रजी शब्दाला ती लागू पडेल. शब्द अमुक वाक्याच्या आद्याक्षरांतून झाला असं कुणी सांगितलं की आधी सावध व्हा. ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांतून बनला हे शाळेत अनेकांना सांगितलं जातं, आणि ते चूक आहे. तो ‘न्यू’ म्हणजे नवीन या शब्दाचाच अवतार आहे. विसाव्या शतकाआधी आद्याक्षरांतून शब्द घडल्याची उदाहरणं फार थोडी. ओके हा त्यातला गाजलेला अपवाद, आणि त्याच्यामागे छापील पुरावा आहे म्हणून आपण तो मानतो. तेव्हा विचारायचा प्रश्न असा : या कथेच्या काळातला लिहिलेला किंवा छापलेला दाखला कुठे आहे? ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात प्रत्येक अर्थाखाली जुन्यात जुना सापडलेला दाखला सालासह दिलेला असतो. आधी ते साल बघावं, मग कथा ऐकावी. चॉक्टॉसारख्या कथेतही दोन भाषांत सारखा ध्वनी असणं पुरेसं नाही. शब्द एका भाषेतून दुसरीत कसा आणि केव्हा गेला, ती वाट दाखवता आली पाहिजे.

आपल्या ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’मधल्या ओकेबद्दलही हाच विवेक ठेवा. महायुद्धाच्या काळात ट्रक रॉकेलवर चालत, ‘ऑन केरोसीन’ लिहून मागच्यांना सावध करत, असं मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं. त्या काळातला फोटो किंवा कागद दाखवा, असं म्हणायला संकोचू नका. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 2015 मध्ये ही अक्षरं लिहायला मनाई केली ती मात्र वेगळ्या आणि रास्त कारणासाठी : ती वाचून लोक विनाकारण भोंगे वाजवतात.

आता वापराकडे येऊ. शब्दाचा भाव नेहमी एकच नसतो, आणि तो कसा बदलतो याची खूणगाठ सोपी आहे. ऐकणाऱ्याला कौतुकाची अपेक्षा असेल तिथे ओके उणा पडतो. ऐकणाऱ्याच्या मनात भीती असेल तिथे तोच शब्द मोठा दिलासा देतो. मुलाने काढलेलं चित्र, सहकाऱ्याने खपून केलेलं सादरीकरण, नवी साडी, नवं घर यांना ओके म्हणू नका. तिथे लव्हली, एक्सलंट, वेल डन असे शब्द हवेत, जेवणाला डिलिशस. उलट अपघाताची बातमी देताना ‘एव्हरीवन इज ओके’ या तीन शब्दांइतकं मोलाचं दुसरं वाक्य नाही. शस्त्रक्रियेनंतर ‘शी इज डूइंग ओके’ म्हणजे धोका टळलाय, ती सावरते आहे. शब्दाचा अर्थ दोन्हीकडे तोच आहे, बिघाड नाही. फक्त एका ठिकाणी बिघाड नसणं हे किमान आहे, दुसऱ्या ठिकाणी तेच सर्वस्व आहे.

‘एकदम ओक्के’चं शब्दशः भाषांतर करायचा मोह टाळा. ‘व्हेरी ओके’ हा प्रयोग इंग्रजी कानाला खटकतो, ‘मोर ओके’ही तसाच. ‘जस्ट ओके’ चालतो, पण त्याचा अर्थ ‘जेमतेम’ होतो. ‘परफेक्टली ओके’ चालतो. त्याने हरकत अजिबात नाही हे कळतं, पण कौतुक त्यातही नाही.

काही ठिकाणी ओके चक्क नकार असतो, आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलांची इथे सुरुवातीला उपासमार होते. कुणी आणखी एक पोळी, आणखी एक कप चहा पुढे केला आणि तुम्ही ‘आय अ‍ॅम ओके’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘नको, माझं झालं’. आपल्याला वाटतं, संकोचाने एकदा नाही म्हणावं, आग्रह होईलच. तिथे आपल्यासारखा आग्रह होतोच असं नाही. ताट उचललं जातं. हवं असेल तर पहिल्याच वेळी ‘येस, प्लीज’ म्हणा.

‘आर यू ओके?’ हा प्रश्नही जपून विचारा. तो ‘काय, कसं काय?’ या अर्थाचा नाही. समोरचा पडलाय, रडतोय, चेहरा उतरलाय, तेव्हाचा तो प्रश्न आहे. धडधाकट सहकाऱ्याला सकाळी सकाळी तो विचारलात तर आपण आजारी दिसतो आहोत की काय, अशी शंका त्याला येईल. तिथे ‘हाउ आर यू’ पुरे. कुणी माफी मागितली तर ‘दॅट्स ओके’ हे उत्तर छान आहे. आभार मानले तर ‘यू आर वेलकम’ म्हणावं. तिथे ‘इट्स ओके’ म्हटल्याने चूक होत नाही, पण समोरच्याने काही आगळीक केली होती आणि तुम्ही ती पोटात घातलीत, असा सूर लागू शकतो.

मुलाखतीला बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. इंग्रजी बोलणारे लोक एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना ओके म्हणतात. आपण ‘बरं, पुढे’ म्हणतो तसं. व्हिसाच्या खिडकीवरचा अधिकारी तुमचं उत्तर ऐकून ‘ओके’ म्हणाला, याचा अर्थ त्याने ऐकलं, एवढाच. व्हिसा मिळाला असा त्याचा अर्थ नाही आणि उत्तर आवडलं असाही नाही. नोकरीच्या मुलाखतीत, डॉक्टरांच्या खोलीत, वर्गात शिक्षकांच्या तोंडी हेच. त्या ओकेवरून खूश होऊ नका, हिरमुसूही नका. पुढच्या प्रश्नाकडे लक्ष द्या.

परवानगी मागण्यासाठी ‘इज इट ओके इफ’ हा प्रयोग बरोबरीच्या माणसांत आणि रोजच्या कामात बिनधास्त वापरा. औपचारिक अर्जात ‘मे आय’ किंवा ‘आय रिक्वेस्ट’ बरं. दिवस-वेळ ठरवताना ‘आय अ‍ॅम ओके विथ मंडे’ म्हणजे मला सोमवार चालेल. यातला ‘विथ’ विसरू नका. ‘आय अ‍ॅम ओके मंडे’ असं म्हटलं तर सोमवारी माझी तब्येत बरी असते असं काहीतरी ऐकू येतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कामाच्या लेखी निरोपांत, म्हणून इथे थोडं थांबतो. साहेबांचा चार ओळींचा मेल येतो आणि आपण ‘ओके सर’ लिहून मोकळे होतो. या ओकेत किती अर्थ दडलेले असतात पाहा : मेल मिळाला, वाचून समजला, म्हणणं मान्य आहे, काम करतो, काम झालं. मराठीत बोलताना आपण यातला नेमका अर्थ सहज निवडतो, कारण मिळालं, कळलं, चालेल, करतो, झालं असे वेगवेगळे शब्द आपल्या जिभेवर असतात. इंग्रजीत पोचलो की सगळ्यांच्या बदली एकच ओके पुढे करतो. मग शुक्रवारी साहेब फाइल मागतात, आणि आपण फक्त ‘मेल वाचला’ असं कळवलं होतं हे तेव्हा लक्षात येतं. उपाय साधा आहे. ओके लिहायचाच असेल तर त्याच्यापुढे क्रियापदाचं एक वाक्य जोडा : ‘ओके, आय विल सेंड द फाइल बाय फ्रायडे.’ नुसती पोच द्यायची असेल तर ‘रिसीव्ह्ड, थँक यू’. मुद्दा पटलेला नाही पण वाचला आहे, असं असेल तर ‘आय हॅव रेड इट अँड विल गेट बॅक टू यू’. हाताखालच्या माणसाकडून नुसता ओके आला तर तुम्हीही विचारा, नेमकं काय ओके?

पैशाचा व्यवहार असेल तर आणखी जपावं. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात 2023 मध्ये एका धान्य कंपनीचा आणि शेतकऱ्याचा खटला निकाली निघाला. कंपनीने जवसाच्या खरेदीचा करार फोनवर पाठवला, शेतकऱ्याने उत्तरादाखल वर केलेल्या अंगठ्याची इमोजी पाठवली, आणि पुढे माल दिला नाही. आपण फक्त करार मिळाल्याची पोच दिली होती, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले. त्यात असेच करार पाठवल्यावर ‘ओके’सारखी एका शब्दाची उत्तरं आली होती आणि माल पोचवला गेला होता. म्हणून अंगठा ही सहीच ठरली, आणि शेतकऱ्याला सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरावे लागले. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला, केवळ एवढ्या कारणाने तो निरर्थक ठरत नाही. तेव्हा भाडेकरार, मालाची ऑर्डर, जमिनीची बोलणी यांत मान्यता द्यायची असेल तर ‘आय अ‍ॅग्री’ लिहा आणि कशाला ते लिहा. द्यायची नसेल तर तेही स्पष्ट लिहा. ओके मधे लटकत ठेवू नका.

फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यावरचा ओके हाही होकारच असतो. त्याची तिथे नेमणूक कशी झाली ती हकीगत ऐकण्यासारखी आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅपल कंपनी ‘लिसा’ नावाचा संगणक तयार करत होती. बटणावर आधी ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असं होतं. चाचणीला बसलेल्या लोकांना त्या दोन शब्दांमधली जागा दिसेना आणि ते ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, असं वाचू लागले. यंत्राने आपल्याला मठ्ठ म्हणावं याचा त्यांना राग आला, आणि बटणावर ओके आला. बँकेच्या किंवा कुठल्याही अ‍ॅपमध्ये तो दाबण्याआधी वरचा मजकूर पूर्ण वाचा. तिथे त्याचा अर्थ ‘वाचलं’ असा नाही. ‘परवानगी दिली’ असा आहे.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. दोन मोठी अक्षरं चालतात, आणि चार अक्षरांचं लांब रूपही चालतं. अमेरिकन वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेस दोन अक्षरांचं रूप पसंत करते; कथा-कादंबऱ्यांत लांब रूप पुष्कळ दिसतं. लांब रूप वाक्याच्या मधे आलं तर ते छोट्या लिपीत लिहावं. एका मजकुरात एकच रूप ठेवा, परीक्षेतही गुण जाणार नाहीत. फोनवरच्या निरोपात नुसतं ‘के’ लिहून पाठवणं मात्र टाळा. ते तुटक वाटतं, आणि समोरच्याला आपण रागावलो आहोत असा समज होतो.

राहिली हाताची खूण, तर्जनी आणि अंगठा जोडून केलेलं कडं. ब्राझीलमध्ये ती अश्लील मानली जाते. अमेरिकेत अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने 2019 मध्ये द्वेषाच्या चिन्हांच्या आपल्या यादीत तिची नोंद केली, कारण वर्णद्वेषी गट ती वापरू लागले होते. बहुतेक वेळा तिचा अर्थ निरुपद्रवीच असतो, हेही संस्थेने नमूद केलं. तरी परक्या देशात फोटो काढताना ती न केलेली बरी.

एका ठिकाणी मात्र ती केलीच पाहिजे. तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंगला गेलात तर पाण्याखाली बोलता येत नाही. तिथे प्रशिक्षक हे कडं दाखवतो तो प्रश्न असतो : ठीक आहात ना? तुम्ही ठीक असाल तर तीच खूण उलट दाखवायची, आणि लगेच दाखवायची, कारण उत्तर आलं नाही तर काहीतरी बिघडलं असं तो धरतो. किनाऱ्यावरच्या सवयीने नुसता अंगठा वर करू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. आणि खरंच काही होत असेल, कान दुखत असेल, श्वास जड वाटत असेल, तर भिडेखातर ओके दाखवू नका. हाताचा पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा, म्हणजे गडबड आहे, आणि मग जिथे त्रास होतोय तिथे बोट दाखवायचं.